मे महिन्यातल्या संध्याकाळी तलावावर काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला घोडबंदर रोडला, पहाटे उठणं जमत नाही, शनिवार-रविवारी संध्याकाळी दीड-दोन तास मोकळे असतात आणि आठ वर्षांच्या मुलीला पक्ष्यांचं वेड लागलंय. पण जो तो सांगतो की पक्षी बघायचे तर हिवाळ्यात आणि तेही सकाळी. मग आत्ता, भर मे महिन्यात, संध्याकाळी ठाणे-नवी मुंबईच्या तलावांवर जाण्यात काही अर्थ आहे का? असेल तर कुठे जावं आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

अर्थ आहे. नोव्हेंबरची वाट बघू नका, या शनिवारीच जा.

हिवाळ्यात तलावांवर आणि खाडीत जी गर्दी होते ती बरीचशी पाहुण्यांची. थापटे, तलवार बदकं, तुतवार, पाणटिवळे हे इथे येतात ते खायला आणि थंडी टाळायला. त्यांचं घरटं, जोडीदार, पिल्लं सगळं तिकडे उत्तरेत. एप्रिल संपेपर्यंत त्यातले बहुतेक निघून जातात. मागे राहतात ते घरचे. आणि या घरच्यांचा संसार नेमका आत्ता सुरू होतो. काड्या नेणं, जागेवरून भांडणं, मादीला मासा भरवणं, अंडी राखणं हे सगळं मार्च ते सप्टेंबर या काळात चालतं. तेव्हा मेमधल्या संध्याकाळी तुमची जातींची यादी लांबणार नाही हे खरं, पण एकाच पक्ष्याकडे दहा मिनिटं बघत बसावं असं काहीतरी हटकून दिसतं. मुलांना यादीपेक्षा हेच आवडतं, असा माझा अनुभव आहे. यादीचं वेड मोठ्या माणसांचं.

दुसरं कारण पाण्याचं. मेपर्यंत येऊरच्या डोंगरातले ओढे आटतात, मोकळ्या प्लॉटवरची डबकी जातात. मग जंगलातला, सोसायटीतला, पुलाखालचा असा प्रत्येक पक्षी प्यायला आणि अंघोळीला जिथे पाणी उरलंय तिथे येतो. म्हणून आत्ता तलावावर फक्त पाणपक्षी शोधू नका. वेडे राघू, पाकोळ्या, भिंगऱ्या, घारी यांच्याकडेही बघा.

वेळेचं आधी सांगतो, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण सात-पाचला मावळतो, महिनाअखेरीस सात-दहाच्या आसपास. पाऊणेसहाला पोचा आणि साडेसातच्या पुढे थांबा. लोक काय करतात, साडेपाचच्या उन्हात येतात, घामाघूम होऊन फिरतात आणि सूर्य टेकला की ‘संपलं’ म्हणून भेळ खायला जातात. तलावावरची सगळ्यात मोठी हालचाल सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत असते. भेळ साडेसातनंतरही मिळते.

उभं कुठे राहायचं? सूर्य मावळेपर्यंत तलावाच्या पश्चिम काठावर, म्हणजे ऊन तुमच्या पाठीवर आणि समोरच्या पक्ष्यावर. पूर्व काठावर राहिलात तर पाणी नुसतं चकाकतं आणि प्रत्येक बगळा काळा दिसतो. सूर्य गेला की उलट करायचं. पूर्वेकडे येऊन पश्चिमेच्या उजेडाकडे तोंड करायचं, म्हणजे आकाशातून जाणारे पक्षी आकारावरून ओळखता येतात. लहान तलावाला हा फेरा पाच-दहा मिनिटांचा असतो.

तुमच्यासाठी सुरुवात उपवन तलावापासून. घोडबंदर रोडवरून जवळ आणि येऊरच्या पायथ्याशी. तिथली एक गंमत लक्षात ठेवा: येऊरचा डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकायच्या बराच आधी डोंगराआड जातो. आकाश उजळ असतं पण पाण्यावर सावली आलेली असते. पक्ष्यांची संध्याकाळ त्यामुळे उपवनला शहरातल्या इतर तलावांपेक्षा लवकर सुरू होते. तिथे साडेपाचलाच पोचलात तरी चालेल.

आता बघायचं काय. पहिली पंधरा मिनिटं फिरू नका. एका जागी बसा आणि काठावरचा वंचक शोधा. काही जण त्याला ढोकरी म्हणतात. एरवी हा मातकट, रेघारेघांचा, चिखलात दिसेनासा होणारा पक्षी. पण उन्हाळ्यात तो कपडे बदलतो: पाठ गडद तांबूस-लालसर, मान बदामी, डोक्यामागे लांब पिसं. तुमच्या मुलीने हिवाळ्यात त्याला बघितलं असेल तर हा तोच, यावर ती सहज विश्वास ठेवणार नाही. हा काठावरच्या दगडावर किंवा जलपर्णीवर मान खांद्यात घालून बसलेला असतो. मासा दिसला की त्याचं अंग जागेवरच राहतं, फक्त मान इंचाइंचाने लांबत पुढे सरकते. मध्येच डोकं डावीकडे-उजवीकडे हळूच झुलतं, डोळे मात्र पाण्यात एकाच जागी रोखलेले. हे इतकं सावकाश चालतं की आपण कंटाळून नजर काढतो आणि तेवढ्यात वार होऊन जातो. मासा आडवा पकडला गेला तर त्याला उडवून डोक्याच्या बाजूने सरळ करून गिळतो, कारण शेपटीकडून गिळला तर पर आणि काटे घशात अडकतात. मुलीला सांगा, मासा कुठल्या बाजूने आत जातो तेवढंच बघ. मग तो उडू दे. बसलेला असताना कुठेच पांढरं न दिसणारा हा पक्षी पंख उघडताच पांढराशुभ्र होतो, आणि पलीकडे जाऊन बसला की पुन्हा नाहीसा.

शेजारी पांढरे बगळे असतील. तिथेही हा मोसम दिसतो. गाय बगळ्याच्या डोक्याला, मानेला, पाठीला हळदीसारखा नारिंगी रंग चढलेला असतो. छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात आणि पाय काळे असले तरी पंजे पिवळे असतात. तो पंजा चिखलात थरथरवून लपलेले मासे-कोळंबी हुसकावतो. हे कचराळीसारख्या बांधीव तलावावर बघायला मिळणं कठीण, कारण तिथे उथळ काठच नाही.

आणि हा मुद्दा तलाव निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आहे. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण पक्ष्याच्या दृष्टीने तलाव म्हणजे मधलं पाणी नव्हे, तलाव म्हणजे काठ. उतरता, चिखलाचा, गवताचा काठ असेल तर टिटवी, शेकाट्या, तुतवार, पाणकोंबडी या सगळ्यांना उभं राहायला जागा मिळते. उभी काँक्रीटची भिंत बांधली की हे सगळे एका फटक्यात बाद. मग उरतात ते फांदीवरून सूर मारणारे खंड्या, पोहून बुडी मारणारे पाणकावळे आणि झाडावर मुक्काम करणारे रातबगळे. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बोगदा खोदून अंडी घालतात, तेव्हा त्यांनाही जेवण मिळालं तरी घर मिळत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली आपण कितीतरी तलावांचे काठ असे घालवले. कारंजं आलं, रंगीत दिवे आले, चिखल गेला. चिखल गेल्याचं दुःख करणारी माणसं शहरात फार थोडी आहेत.

म्हणून कुठल्याही तलावावर गेलात की आधी एक फेरी मारून बघा, कुठला कोपरा कच्चा राहिलाय. मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी, गर्दीची, नौकांची, दिव्यांची. पण रातबगळे बघायला वाईट नाही, आणि मुलीला घेऊन सोपी. कचराळीला चालायला चांगली वाट आहे, एखाद्या कामाच्या दिवशी अर्धा तास मिळाला तर ठीक. रायलादेवी आणि कासारवडवलीही आहेत, तुम्हाला कासारवडवली तर घरचीच. पण उन्हाळाभर एकच तलाव धरा आणि तिथेच परतपरत जा, असं मी सांगेन. तलाव बदलत राहिलात तर दर वेळी तेच वंचक नव्याने बघाल. एकाच ठिकाणी गेलात तर कुठल्या फांदीवर कोण बसतं, कुठला खंड्या कुणाला हाकलतो, कुठल्या झाडावर काड्या जातायत हे कळायला लागतं.

सहाच्या सुमारास घारी उतरतात. एकेक घार गिरक्या घेत खाली येते, पाण्याला पोट लावून पुन्हा वर जाते, अंग झटकते, परत येते. काही उथळ जागी सरळ पाण्यात उभ्या राहून अंघोळ करतात. त्याच वेळी पाकोळ्या पाणी पितात. पाकोळी जमिनीवर उतरत नाही, तिचे पाय चालण्याच्या कामाचे नाहीत. उड्डाणपुलाखाली नाहीतर इमारतीच्या छज्जाखाली घरटं, बाकी सगळं आयुष्य हवेत. ती पाण्यावरून सरळ रेषेत येते, चोच उघडून पृष्ठभागावर एक बारीक रेघ ओढते आणि वर जाते. तारवाली भिंगरीही असंच पिते, पण ती अधूनमधून तारेवर बसते. त्यामुळे शेपटीच्या दोन तारा निवांत बघता येतात. वेडे राघू काठावरच्या फांदीवरून पाण्यात आपटल्यासारखे पडतात, लगेच परततात आणि ओळीने बसून पिसं साफ करतात. ते मासे मारत नाहीत, न्हातात.

टिटवीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भर उन्हाळ्यातच दिसणारी गोष्ट आहे. तलावाजवळ मोकळा प्लॉट, खडीचा ढीग किंवा बांधकाम थांबलेली जागा असेल तर तिथे टिटवीची अंडी असण्याची दाट शक्यता. घोडबंदर पट्ट्यात अशा जागांना तोटा नाही. घरटं असं नसतंच, खड्यांमध्ये उथळ खळगा आणि त्यात बहुधा चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. झाडाची सावली नाही, जमीन तापलेली. अशा वेळी आई-बाबा अंडी उबवत नाहीत, थंड ठेवतात. एक जण अंड्यांवर सावली करून उभा राहतो. दुसरा पाण्याकडे येतो, पोट बुडेल इतपत आत उतरतो, पिसं फुलवून दोन-चारदा उठबस करतो आणि ओल्या पोटाने परत जाऊन अंड्यांवर बसतो. पिणंही नाही, अंघोळही नाही. टिटवी पाण्यात नुसती बसून उठताना दिसली की ती कुठल्या दिशेला जाते ते दुर्बिणीतून बघा. दुर्बिणीतूनच. मागोमाग चालत जाऊ नका. अंडी दिसत नाहीत आणि पायाखाली येतात. शिवाय तुम्ही जवळ गेलात की दोघंही डोक्यावर घिरट्या घालत कोकलतात, तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यांनाही पत्ता लागतो. टिटवी ओरडली की अपशकुन, असं आपल्याकडे म्हणतात. अपशकुन असलाच तर तो टिटवीला.

टिबुकली दिसली तर तुमचं नशीब. बदकाच्या पिल्लाएवढा पक्षी, उन्हाळ्यात मान तांबूस आणि चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका. बुडी मारली की कुठे वर येईल याची पैज लावा, मुलं यात अर्धा तास रमतात. तिचं घरटं तरंगतं असतं, पाणवनस्पतींचा ओला ढिगारा. उठून जावं लागलं तर ती जाता जाता शेवाळाचा तुकडा ओढून अंड्यांवर पांघरते. पिल्लं झाली की ती तिच्या पाठीवर, पिसांत दडून फिरतात.

साडेसहानंतर मान वर करा. पाणकावळे लांब ओळ करून मुक्कामाकडे निघालेले असतात, गाय बगळे बाणाच्या आकारात, पोपट आरडाओरडा करत सुसाट. साळुंक्यांचा एखाद्या झाडावर असा कलकलाट सुरू होतो की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. उपवनला येऊरच्या बाजूने राखी धनेश दिसला तर त्याचं उडणं लक्षात ठेवा: चार-पाचदा पंख मारणं, मग थोडं तरंगणं. एकदा बघितलं की पुढे काळोखातसुद्धा ओळखाल.

आणि मग पाळी बदलते. रातबगळा दिवसभर दाट झाडात ठोकळ्यासारखा बसलेला असतो: काळी टोपी, काळी पाठ, लाल डोळा. सूर्यास्तानंतर आधी आतल्या आत हालचाल सुरू होते. एक जण पान नसलेल्या फांदीवर येतो, अंग ताणतो, डोक्यामागची लांब पांढरी पिसं झटकतो. थोड्या वेळाने ‘क्वॉक’ असा एकच रुक्ष आवाज करून निघतो आणि त्याच्यामागे एकेक करून बाकीचे. त्याच सुमाराला दिवसभर मासेमारी केलेले बगळे त्याच झाडावर परत येत असतात. जाणारे आणि येणारे एकाच फांदीवरून, पाच-दहा मिनिटं नुसता गोंधळ. हे बघायला दुर्बीणही लागत नाही. रातबगळ्याचा मुक्काम असलेलं झाड शोधायचं असेल तर झाडाकडे बघू नका, खालच्या फुटपाथकडे आणि पार्क केलेल्या गाड्यांकडे बघा. पांढरा सडा पडलेला असतो.

अंधार पडता पडता मोठी वटवाघळं सुरू होतात. उकाड्याच्या दिवसांत ती पाण्यावर झेपावून छाती भिजवतात आणि वर जाऊन फांदीला लटकून ते ओलं अंग चाटतात. येऊरच्या कडेने रातवा या निशाचर पक्ष्याचा आवाजही येईल. तो रस्त्यावरूनच ऐका. पलीकडे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबटे आहेत, अंधारात मुलीला घेऊन आत शिरण्याचं काही कारण नाही.

आता नवी मुंबई. तिथल्या तलावांचं गणित वेगळं आहे. शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या जवळपास किंवा त्याखाली असल्याने ते वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. ओहोटीला दारं उघडून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती मिटतात. यांतल्या काहींत पुढे गाळ साचला, खारफुटी वाढली आणि पक्ष्यांना आयती जागा झाली. अशा ठिकाणी हळदी-कुंकू आणि अडई ही बदकं मेमध्येही मिळतात. अडई दिवसा झोपा काढतात आणि अंधार पडल्यावर शीळ घालत चरायला निघतात, म्हणजे तुमच्या वेळेला अगदी सोयीच्या.

पण तुम्ही जाणार फ्लेमिंगोंसाठी, हे मला माहीत आहे. मे अखेरीपर्यंत ते बहुधा असतात, पावसाच्या तोंडावर गुजरातकडे निघतात. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ साली मिळाला आणि २०२२ साली ती रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. नेरुळ-सीवूड्सचा डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळचा तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा इथे ते अगदी जवळून दिसतात. मात्र कधीही गेलं की दिसतात असं नाही, आणि यावरून फार लोक वैतागून परत येतात. फ्लेमिंगो सूर्यावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की ते तिथे चरतात. भरतीने चिखल बुडाला की उभं राहायला जागा उरत नाही, मग थवे उठून या तलावांवर येतात आणि पाणी उतरलं की परत जातात. दिवस असो वा रात्र. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो मेले, तेव्हा हे पक्षी अंधारातही थव्याने उडतात हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

भरतीची वेळ काढायला मोबाइल आहेच, पण कोळीवाड्यातला हिशेब पाठ करून ठेवा, भिंतीवरच्या कालनिर्णयावर काम भागतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते.

यावरून संध्याकाळ ठरवा. दशमी ते द्वादशीला भरती साडेसात ते नऊच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्ताच्या आसपास पाणी चढत असतं आणि थवे तलावाकडे यायला लागतात. सोनेरी उजेड आणि उतरणारे फ्लेमिंगो, फोटोवाल्यांचे आवडते दिवस. अष्टमी-नवमीला वेळ सोयीची दिसते, पण ते भांगाचे दिवस. पाणी कमी चढतं, चिखल पुरता बुडत नाही आणि थवे खाडीतच राहू शकतात. चतुर्थी-पंचमीला भरती तीन-पाऊणेचारला, तेव्हा साडेपाच-सहाला तलावावरून परत निघणारे थवे मिळतील. पौर्णिमा-अमावास्येला उधाण दुपारी येऊन गेलेलं असतं. अशा संध्याकाळी तलावावर जाऊन उपयोग नाही, वाशीच्या सागर विहारला खाडीकाठी उभे राहा आणि दूर चिखलावर चरणारे दुर्बिणीतून बघा.

चरताना त्यांचं डोकं उलटं असतं, चोचीचा वरचा भाग खाली. लहान फ्लेमिंगो पाण्यातलं नीलहरित शेवाळ चोचीतल्या गाळणीने गाळून खातो. त्याची चोच गडद, अंग जास्त गुलाबी. मोठ्याचं अंग पांढुरकं, चोच गुलाबी आणि टोक काळं. राखाडी-तपकिरी, मळके दिसणारे असतील ती तरुण पिल्लावळ. या तलावांत खाडीचं पाणी ज्या तोंडातून येतं, ते बुजलं की तलाव आटतो, हिरवा होतो आणि पक्षी यायचे थांबतात. तिथे नेहमी जाणाऱ्यांना मी सांगतो, पक्षी मोजा पण पाण्याच्या वाटेकडेही लक्ष ठेवा.

दुर्बीण ८×४२ घ्या. संध्याकाळसाठी कारण सरळ आहे: भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे ४२ भागिले ८, सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात जातो. १०×२५ च्या खिशातल्या दुर्बिणीत तो अडीच मिलिमीटर, सूर्य गेला की काळोख. मुलीला जड होईल, तिच्यासाठी ८×३० किंवा ८×३२ बघा आणि घेण्याआधी दोन्ही नळ्या तिच्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जवळ येतात का ते तिच्याच डोळ्यांवर तपासा. ५०-५० पट दाखवणाऱ्या रस्त्यावरच्या दुर्बिणी घेऊ नका.

काही गोष्टी करू नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, या मोसमात तर मुळीच नाही. तो आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून घरटं सोडून धावतो. रातबगळ्यांवर फ्लॅश नको. माशांना पाव आणि कुरमुरे टाकू नका. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, त्यात हे अन्न कुजून उरलासुरलाही संपतो, आणि एका पहाटे तलावभर मेलेले मासे तरंगतात. गळाची तुटकी तंगूस काठावर दिसली तर गुंडाळून कचऱ्यात टाका, बगळ्यांचे पाय त्यात अडकतात. आणि मेअखेर-जूनमध्ये तुमच्या सोसायटीने पावसाळी फांद्या छाटायला माणसं बोलावली तर आधी वर बघायला लावा. रातबगळे, बगळे, पाणकावळे यांची एकत्र घरटी याच सुमारास सुरू होतात, आणि घरटी-अंडी नष्ट करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कमिटीला कायद्याचं नाव घेतलं की लवकर कळतं. उन्हाने खाली पडलेली घार दिसली तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

मुलीला एक वही द्या. तारीख, तलाव, सूर्यास्ताची वेळ आणि पहिला रातबगळा किती वाजता निघाला, एवढंच लिहायचं. दर वेळी तेच. पंधरवड्यात तिचं तिलाच दिसेल की तो घड्याळ बघून निघत नाही, उजेड बघून निघतो आणि ढगाळ दिवशी आधी निघतो. नोंदी नंतर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. आपल्याकडची मोठी पाणपक्षी गणना जानेवारीत होते, त्यामुळे शहरातल्या तलावांच्या मेमधल्या नोंदी त्या मानाने विरळ असतात. बगळा नक्की कोणता ते कळलं नाही तर नुसतं ‘पांढरा बगळा’ म्हणून नोंदवा, तशी सोय तिथे आहे. ओडोमॉस विसरू नका.